शहरी ओढ्यांचा लोंढा व तळाचा थर

ओढ्यांतील दगडावर बोट फिरविलें असतां जो बुळबुळीत थर हातास लागतो, त्यास आपण शेवाळ म्हणून सोडून देतों. वस्तुतः त्यांत शेवाळाबरोबर असंख्य सूक्ष्म जंतु एका चिकट द्रव्यांत गुंतलेले असतात. पाण्यांत विरघळलेला सेंद्रिय मळ व नत्र हे जंतु शोषून घेतात. वाहतां वाहतां पाणी निवळतें तें पुष्कळ अंशीं यांच्याच योगानें.

रानांतील ओढ्यास पाऊस जमिनींत मुरून सावकाश मिळतो. शहरांत छपरें, डांबरी रस्ते व गटारें यांमुळें मध्यम सरीनेंहि लोंढा येतो. प्रथम वाळू उचलली जाऊन दगडांस कानशीप्रमाणें घांसते. जोर वाढला म्हणजे गोटेच उलटतात व त्यांवरील शेवाळ प्रकाशावांचून मरतें. थर पुन्हां धरण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंच दुसरी सर येते. काँक्रिटच्या भिंती बांधून ओढा 'सुधारला' म्हणजे वेग आणखी वाढतो. ही सुधारणा आम्हांस उमजत नाहीं.

कात्रजकडून येऊन मुठेस मिळणाऱ्या आंबील ओढ्यास ता. २५ सप्टेंबर २०१९ रोजीं रात्रीं आलेल्या पुरानें पुण्यांत मोठी मनुष्यहानि झाली. तेवढा पूर क्वचित्. थर खरवडण्यास मात्र त्याचा अल्पांशहि पुरे. हें पाणी पुढें मुळा-मुठेच्या कांठच्या मळ्यांस जातें. तेथील बागाइतदारांनीं पहिल्या लोंढ्याचें पाणी भाजीस देऊं नये. उखडलेला गाळ, त्यास चिकटलेले धातु व गटाराचे जंतु त्यांतूनच येतात. पाणी नितळ दिसूं लागलें तरी थर धरलेला नसतो. विहीर असल्यास कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाण्याच्या भाज्यांस तिचेंच पाणी द्यावें.