साखर मोजता, पण बरोबर मोजता का?



१ जून ते ३१ जुलै बंदीत माणूस घरी असतो. पेज वेळेवर, गोळी वेळेवर. १ ऑगस्टला होड्या बाहेर पडल्या की सगळं गणित बदलतं. मधुमेह असलेल्या आपल्या बऱ्याच जणांकडे आता ग्लुकोमीटर आहे. पण मशीन असणं वेगळं आणि आकडा खरा असणं वेगळं. घरच्यांनी मिळून एवढं तपासून बघावं:

१) हात : साबण आणि गोड्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडे करा. बोटाला साखर किंवा फळाचा रस लागला असेल तर आकडा खोटा वाढतो. बर्फातल्या कामाने बोटं गार पडली असतील तर आधी चोळून ऊब आणा. बोट जोरात पिळू नका.

२) स्ट्रिप : मुदत बघा. डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, दमट हवेने स्ट्रिप खराब होते. डबी इंजिनाजवळ नको, बर्फाच्या पेटीतही नको.

३) सुई : ज्याची त्यानेच वापरावी, टोचायचं पेनसुद्धा. एकमेकांची वापरल्यास बी प्रकारची कावीळ, एचआयव्ही पसरू शकतो.

४) वेळ : उपाशी म्हणजे निदान ८ तास पोटात काही नाही. पहाटे ३ वाजता साखरेचा चहा घेऊन ६ वाजता मोजली, तर ती उपाशी साखर नव्हे. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून २ तासांनी मोजतात.

५) वही : आकड्याबरोबर वेळ, खाणं आणि जाळी ओढण्याचं काम किती झालं तेही लिहा. वहीत सगळं छान, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी जास्त, असं झालं तर मोजण्याची पद्धत चुकतेय, किंवा आपण मोजत नाही त्या वेळी साखर वाढतेय.

आकडा ७० च्या खाली आला तर सुकाणू दुसऱ्याकडे द्या. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, ताबडतोब किनारा गाठा.

घरच्यांना एक विनंती. आकडा जास्त आला म्हणून ओरडू नका. ओरडलं की माणूस मोजणं सोडतो, नाहीतर खोटं लिहितो. गोळी-इन्शुलिन मनाने कमीजास्त करू नका. वही आणि मशीन दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.