चिखलातलं करिअर

‘‘बारावीला बरे मार्क आहेत, पण मेडिकल नको म्हणते. पक्ष्यांवर संशोधन करायचंय. यात पोट भरतं का हो?’’ निकालानंतर हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील आता दरवर्षी भेटतात. प्रश्न रास्त आहे. पण आधी हे काम नेमकं काय ते पाहू, कारण बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारा माणूसच येतो.

उदाहरणादाखल किनारी पक्षी घ्या. चिखल्या, तुतारी, गॉडविट ही मंडळी खाडीत, मिठागरात, धरणाच्या काठाला चिखलात चोच खुपसून जगतात. त्यातली बरीचशी उत्तरेला थेट सायबेरियापर्यंत जाऊन अंडी घालतात आणि हिवाळ्याला ठाणे खाडी, उजनी, नांदूरमध्यमेश्वर गाठतात. २०२२ मध्ये ट्रान्समीटर लावलेलं गॉडविटचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांत, वाटेत कुठेही न उतरता, सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचलं. अशा बातम्या वाचूनच मुलं या विषयाच्या प्रेमात पडतात. पडू देत.

रोजचं काम मात्र वेगळं असतं. रात्री भरती चढली की पक्षी उंचवट्याकडे सरकतात. तिथे बारीक जाळी लावून ते पकडायचे, तेही वनखात्याची लेखी परवानगी असेल तरच. पायात क्रमांकाचं कडं घालायचं. चोच, पंख, वजन मोजायचं. कोणती पिसं झडलीत ते नोंदवायचं आणि पक्षी लगेच सोडायचा. सकाळी ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून पाइपने नमुने काढायचे, चाळणीत धुऊन त्यातले किडे आणि शिंपले मोजायचे. उरलेले महिने संगणकासमोर. (‘मुलीला रात्री खाडीवर कसं पाठवायचं?’ असंही विचारतात. हे काम एकट्यादुकट्याने होतच नाही, चमूनेच होतं आणि त्यात मुली भरपूर असतात.)

एवढं मोजून मिळतं काय? रेड नॉट नावाचा पक्षी रशियाच्या तैमिर द्वीपकल्पात वाढतो आणि हिवाळ्यात आफ्रिकेतल्या मॉरिटानियाला जातो. नेदरलँड्समधले यान व्हान खिल्स, टेउनिस पिअर्स्मा आणि सहकाऱ्यांनी या पक्ष्याच्या तीस वर्षांहून जास्त काळाच्या नोंदी एकत्र केल्या. उत्तरेकडचा बर्फ लवकर वितळू लागल्याने किड्यांचा हंगाम आधीच येऊन सरू लागला, पिल्लांना पोटभर मिळेना, ती लहानखुरी राहिली, त्यांच्या चोची आखूड झाल्या. त्याची किंमत त्यांनी मॉरिटानियात मोजली. तिथले पौष्टिक शिंपले वाळूत खोल असतात. आखूड चोचीला ते लागत नाहीत, मग गवताच्या मुळ्यांवर भागवायचं आणि जगण्याची शक्यता घटते. २०१६ मध्ये हे ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत छापून आलं. आर्क्टिकच्या उन्हाचा फटका आफ्रिकेत बसतो, हे कळलं ते चोचीच्या मिलिमीटरमधल्या फरकावरून.

म्हणून माझा पहिला सल्ला पक्ष्यांबद्दलचा नाहीच. अकरावीला ‘बायोलॉजी घेतलंय ना, मग गणित कशाला’ म्हणून गणित सोडू नका. पक्षी ओळखणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या नोंदींतून संख्याशास्त्राच्या आधारे उत्तर काढणारे कमी, आणि मागणी त्यांना आहे.

पुढची वाट अशी : प्राणिशास्त्र, पर्यावरण किंवा चक्क संख्याशास्त्रात बीएस्सी, मग एमएस्सी. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस), पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधता विभाग ही माहितीतली ठिकाणं. वन्यजीव अभ्यासक्रमांच्या जागा मोजक्या असतात, काही ठिकाणी दरवर्षी प्रवेश होतातच असं नाही. जाहिरातीवर नजर ठेवा. नंतर पीएचडी, तिला पर्याय नाही.

आता पैसा. नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ च्या दरांनुसार महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. जेआरएफ नसेल तर प्रकल्पावरचं मानधन, आणि ते बहुधा याहून कमी. कायम नोकरी तिशीच्या आसपास किंवा नंतर लागते, हे गृहीत धरा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या (बीएनएचएस) संस्था, विद्यापीठं, सरकारी संशोधन संस्था यांच्याबरोबरच पूल-बंदरांच्या पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करणाऱ्या कंपन्यांनाही अशी माणसं लागतात. घरावर कर्ज असेल आणि मुलाने बाविसाव्या वर्षी कमवायलाच हवं असेल, तर ही वाट अवघड आहे. ते आधीच उघड बोलून घ्या, भावनेच्या भरात हो म्हणू नका.

आणि पारख करायला पैसे लागत नाहीत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, महाराष्ट्रातल्या पाणथळ जागांवरही. जवळच्या पक्षिमित्र मंडळाकडे चौकशी करा, मुलीला गणनेला पाठवा. जमलं तर तुम्हीही जा. दुपारी उन्हात चौथा थवा मोजतानाही तिला आकडे बिनचूक लिहायचा कंटाळा येत नसेल, तर फॉर्म भरायला हरकत नाही.