आधी पिल्लांच्या पोटाचं बघ

अगं, पलूसमध्ये राहून समुद्रातले क्लाऊनफिश वाढवायचे ठरवलंयस, मला मनापासून आनंद झाला. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात हे मासे पैदा करतात, म्हणजे समुद्राबाहेर हे होत नाही असं नाही. पण जोडी आणायची घाई करू नकोस. अंडी नर राखतो. 27-28 अंशांत सात-आठ दिवसांनी, अंधार पडल्यावर ती फुटतात. खरी परीक्षा त्यानंतरची. पिल्लाचं तोंड इतकं बारीक, की सुरुवातीला त्याला हलतं, जिवंत खाद्यच लागतं. ते म्हणजे रोटीफर, पाव मिलिमीटरच्या आतबाहेरचा जीव. ही भूक दुसऱ्या दिवशीच लागते, आणि रोटीफर ऐनवेळी वाढत नाहीत.

पाण्याचं नीट ऐक. क्षारपड रानातल्या बोअरचं पाणी खारटच आहे, तेच वापर, असं घरात कुणीतरी म्हणेलच. ऐकू नकोस. त्यात क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं, पोटॅशियम बहुधा फार कमी भरतं. मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठच घे, रोटीफरला लिटरमागे 20-25 ग्रॅम पुरतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालव.

रोटीफरच्या दोन बादल्या ठेव, एक बिघडली तर दुसरी हाताशी. हवा मंद सोड. लाइट गेली तर चालेल असा बॅटरीचा पंप आणच. खायला नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवं शैवाल घाल. पाण्याचा हिरवा रंग उडाला की रोटीफर उपाशी आहेत असं समज, आणि उपाशी रोटीफर खाऊन पिल्लाला काहीच मिळत नाही. माद्या नराशिवायच वाढतात, म्हणून रोज पाव भाग काढलास तरी चालतं. विरजणासारखं मागे राखायचं मात्र विसरू नकोस. शैवालाचे मग, नळ्या अगदी वेगळ्या हव्यात. शैवालात रोटीफर शिरले की हिरवं पाणी संपलंच.

पिल्लं पाच-सहा दिवसांची झाली की आर्टेमिया, म्हणजे रोटीफरहून मोठं जिवंत खाद्य, सुरू कर. खाऱ्या पाण्यात, उजेडात, भरपूर हवेवर तिची अंडी साधारण 24 तासांत फुटतात. टरफलं काढून टाक, ती पिल्लांच्या पोटात अडकतात. ताजी फुटलेलीच घाल, शिळीत कस उरत नाही.

तर आत्ता फक्त या दोन बादल्या मांड. महिनाभर अखंड चालव आणि मग मला फोन कर, जोडी आपण मिळून निवडू.