पायी वारीसाठी हलके ओझे

कल्याण परिसरातील अनेक भाविक आळंदीस जाऊन श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत पायी चालतात. सुमारे २५० किलोमीटरची ही वाट ऐन पावसाळ्याच्या आरंभी चालावयाची असते. पुण्याहून सासवडला जाताना तर दिवे घाटाची चढण लागते. अशा वेळी खांद्यावरील प्रत्येक अनावश्यक वस्तू पायांना जाणवते.

अंथरूण, पांघरूण व जादा कपडे दिंडीच्या ट्रकमध्ये द्यावेत. जवळ दिवसभर लागेल तेवढेच ठेवावे. निघण्यापूर्वी भरलेली पिशवी घरीच तोलून पाहावी. ती तीन-चार किलोंच्या आत असावी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो होते. वाटेत ठिकठिकाणी पाण्याची सोय असल्याने एक बाटली पुरते.

घोंगडी ऊब देते, परंतु भिजली की जड होते. जाड सुती कपडेही लवकर वाळत नाहीत. म्हणून चालताना पातळ, लवकर वाळणारे कपडे वापरावेत. प्लास्टिकचा एक मोठा कागद पावसात पांघरण्यास व विसाव्यास अंथरण्यास, दोन्हींसाठी उपयोगी पडतो. पादत्राणे नवी नसावीत. काही आठवडे वापरून पायांना सरावलेली असावीत.

भार कमी करताना औषधे मात्र वगळू नयेत. मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून स्वतःजवळच ठेवावी. गर्दीत ट्रक मुक्कामी उशिरा पोहोचू शकतो. गोळीची वेळ मात्र थांबत नाही.