टायरवरचे आकडे वाचूया

घरच्या गाडीच्या टायरवर १८५/६५ आर १५ असे काही छापलेले असते. १८५ मिलिमीटर ही रुंदी. बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ इंच हा रिमचा व्यास. ही उंची कमी झाली की खड्ड्यांचे धक्के जास्त बसतात. म्हणून पालकांनी दिखाव्यासाठी माप बदलू नये.

चार आकड्यांत जन्मतारीख असते : २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. न वापरलेले रबरही कालांतराने कडक होते. खरेदीपूर्वी तारीख पाहावी. हवा दरमहा तपासल्यास टायर जास्त टिकतो. मात्र खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर येताच तो बदलावाच, नाहीतर पावसात गाडी घसरते.

स्वाध्याय : वरील टायरच्या बाजूची उंची किती?
(उत्तर : १२०.२५ मिलिमीटर)