शेंगांच्या पोत्यातला भुंगेरा

व्यापारी बंधूंनो, कापडाला जशी कसर, तसा साठवलेल्या भुईमुगाच्या शेंगेला भुंगेरा. नाशिक-मालेगावकडे जे सुगीत शेंग भरून ठेवतात, त्यांनी या किडीचा हिशेब समजून घ्यावा.

मादी टरफलावर एकेक बारीक अंडे चिकटवते. त्यातून निघालेली अळी टरफल पोखरून थेट आत शिरते व दाणा खाते. या काळात शेंग बाहेरून चांगलीच दिसते. वाढ पुरी झाली की अळी कोश विणते. काही अळ्या शेंगेतच राहतात, तर पुष्कळशा बाहेर पडून पोत्याच्या तळाशी जमतात. कोशातून सुमारे ७ मिलिमीटर लांबीचा तांबूस तपकिरी भुंगेरा निघतो. ३० ते ३३ अंश उष्णता व दमट हवा मिळाली की अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत सुमारे ६ आठवडे पुरतात. मग पुढची पिढी सुरू.

टरफलावर गोल भोक दिसले म्हणजे कीड आता लागली असे समजू नका. आतला दाणा तोपर्यंत गेलेला असतो. असा माल ना खाण्याच्या कामाचा, ना घाण्याच्या.

म्हणून भाव चढण्याची वाट पाहताना दर पंधरवड्याला तळाचे पोते उघडून मूठभर शेंगा फोडून पाहाव्यात. ही कीड चिंचेतही वाढते. तेव्हा चिंच व शेंग एका गोदामात ठेवू नये. जुने बारदान उलटे करून, झटकून, कडक उन्हात वाळवूनच पुन्हा भरावे. शिवणीत राहिलेले कोश नव्या मालाचे मुद्दलच खातात.