राज्य मुलांवर येऊ दे

पनवेल

चि. सोनू हिस, अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक आमच्याच तालुक्यात झाली हे ऐकून फार आनंद झाला. लातूरहून एवढ्या लांब यायचं, त्यात शिक्षणसेवकाचं मानधन आणि पनवेलची घरभाडी! पण राहण्याचं बघू आपण, मी आहे. तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर मात्र पत्रातच लिहावंसं वाटलं. लहान मुलांना इंग्रजी खेळातून शिकवा असं सगळे सांगतात, पण खेळ संपल्यावर पोरांकडे उरतं काय, असं तू विचारलंस. रास्त आहे.

२००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तोवर ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे आम्ही शिकवणाऱ्यांनीही एबीसीडी पाचवीतच गिरवलेली, आणि समोर सहा वर्षांची पोरं. तेव्हा गाणी आणि खेळ हाच मोठा आधार होता. पण हळूहळू अनेक वर्गांत खेळाचा खाऊ झाला. मुलं कंटाळली की थोडं खेळवायचं, मग फळ्याकडे वळून खरा धडा. तू तसं करू नकोस. एखादा खेळ इंग्रजी न बोलता जिंकता येत असेल, तर तो खुशाल मधल्या सुट्टीत खेळू दे, इंग्रजीच्या तासाला घेऊ नकोस.

इथल्या कुठल्याही गावात संध्याकाळी क्रिकेट बघ. आगरी पोरं टेनिस बॉलवर खेळताना ‘नो बॉल’, ‘वन टिप आऊट’, ‘लास्ट ओव्हर’ असं बिनचूक ओरडतात. कुणी शिकवलं? शब्द आला नाही तर खेळ अडतो, एवढंच कारण. तुझ्या वर्गातही शब्दावाचून अडायला हवं.

माझा आवडता खेळ सांगते, पावसाळ्यात बसल्या जागी होतो. इथे जून-जुलैत पटांगणावर चिखलच असतो, हे धरूनच चाल. मुलं गोल बसतात, हात पाठीमागे. एक चिंचोका गुपचूप कुणाच्या तरी मुठीत जातो. ज्याच्यावर राज्य, तो मध्ये उभा राहून एकेकाला विचारतो, ‘डू यू हॅव इट?’ समोरचा मूठ उघडून म्हणतो, ‘नो, आय डोन्ट.’ चिंचोका सापडेपर्यंत हे चालतं. एका डावात तेच वाक्य पंधरा-वीसदा येतं आणि एकही पोर जांभई देत नाही. हातात पेन्सिल धरून बाई ‘व्हॉट इज धिस?’ विचारतात, तेव्हा पेन्सिल सगळ्यांनाच दिसत असते. त्या प्रश्नाला काही अर्थ नसतो. चिंचोका कुठे आहे हे मात्र विचारणाऱ्याला खरंच ठाऊक नसतं. कोणताही खेळ निवडताना एवढं तपास: एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, असं त्यात काही आहे का? असेल तर मुलं बोलतील.

आणि राज्य आपल्यावर ठेवू नकोस. पहिले दोन डाव तू घे, मग बाजूला हो. बाईच विचारतात आणि बाईच ठरवतात, अशा खेळात सगळं इंग्रजी बाईच बोलतात.

‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ मुलांना येतोच. तोच इंग्रजीत घे: बसा, उभे राहा, नाकाला हात लावा. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याच तत्त्वावर एक पद्धत उभी केली. तान्हं मूल आधी महिनोन्‌महिने ऐकतं, सांगितलेलं हातापायांनी करून दाखवतं, बोलतं नंतर. मग नव्या भाषेचंही तसंच होऊ द्या, असं त्याचं म्हणणं. फक्त एक बदल कर. आपल्या खेळात जो चुकला तो बाद. भाषेच्या तासाला हे घातक आहे, कारण सगळ्यांत आधी बाद होतो तोच, ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते. बाद कुणालाच करू नकोस. जो बिचकतो त्याला कच्चा लिंबू म्हणून खेळात राहू दे, मुलांना हा नियम पटवून द्यावा लागत नाही.

हे इथे जास्तच सांभाळायला हवं. तुझ्या वर्गात आगरी मुलं असतील, कातकरी वाडीतली असतील, बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली हिंदी किंवा कन्नड बोलणारीही असतील. यातल्या कित्येकांना पुस्तकातली मराठीसुद्धा परकीच. इंग्रजीत मात्र सगळे एकाच रेषेवरून निघतात. मराठीच्या तासाला खाली मान घालून बसणारं कातकरी पोर या तासाला पुढे येऊ शकतं, तेवढी वाट त्याला मोकळी ठेव. दिवाळीनंतर कातकरी वाडीतली बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं दिसेनाशी होतात. म्हणून रोज नवा खेळ शोधू नकोस. चार-पाच खेळ पक्के कर, आतले शब्द बदल. परत आलेल्या मुलाला खेळ ओळखीचा वाटला की ते लगेच मिसळतं.

मुलं भांडताना मराठीतच भांडणार; रागावू नकोस. ‘इट्स माय टर्न’, ‘वन्स मोअर’, ‘दॅट्स नॉट फेअर’ ही वाक्यं आधीच पुरव, आठवडाभरात भांडणातही येतात. आवाज होणार, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेव.

खेळाने स्पेलिंग येत नाही, हेही मी स्पष्ट सांगते. डाव संपला की शेवटची दहा मिनिटं वह्या काढायला लाव आणि खेळात तोंडून गेलेलीच दोन-तीन वाक्यं लिहून घे. बोललेलं लिहायला मुलं कुरकुरत नाहीत. विमानतळ आल्यापासून इथल्या पालकांना इंग्रजीची फार घाई झाली आहे. ‘पोराला खेळायला पाठवतो का?’ म्हणून कुणी आलं, तर त्याला पोराची वही दाखव आणि त्याच्यासमोर एक डाव खेळून घे.

येताना छत्री नको, चांगला रेनकोट आण. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. हजर झालीस की त्या शनिवारी घरी ये. माझी चित्रांची कार्डं काढून ठेवली आहेत, कोपरे झिजलेत तेवढे आपण दोघी मिळून चिकटवू.

तुझी,
मावशी